खाटेवरचे हुकूम

आमचे हे परांचीवरून पडले मार्गशीर्षात आणि गिरणीच्या चाळींचं काम बंद पडलं पौषात. या दोन गोष्टी अशा पाठोपाठ घडल्या नसत्या, तर गवंड्यांच्या हजेरीशी माझा कधी संबंध आला नसता.

यांचा धंदा बांधकामाचा. सोलापुरात तेव्हा लहानमोठे बरेच गुत्तेदार होते. त्यांत आमचं काम फार मोठं नव्हतं, अगदी लहानही नव्हतं. एका गिरणीनं आपल्या कामगारांसाठी चाळी बांधायचं काम यांना दिलं, आणि त्या भरवशावर यांनी माणसं वाढवली. गवंडी आले, दगड घडवणारे आले, चुना आणि पाणी वाहणाऱ्या बायका आल्या. मग मंदी आली. कापड गोदामातून हलेना. गिरणीची एक पाळी बंद झाली, आणि एका सकाळी शिपाई निरोप घेऊन आला, की चाळींची जोती झाली आहेत तेवढी पुरे, पुढचं काम थांबवा. आमच्या हाती उरलं ते एका अडत्याचं दुमजली घर आणि मुलींच्या शाळेच्या कंपाउंडची भिंत.

हे तेव्हा ओसरीवर खाटेला खिळलेले. मांडीचं हाड मोडलेलं, दोन्ही बाजूंनी फळ्या बांधलेल्या. उशी सारखी करायची तरी मला हाक मारावी लागे. निरोप ऐकून त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. मग म्हणाले, "निम्मी माणसं कमी करावी लागतील. माझ्यानं आता हे होत नाही. तूच बघ."

"मी?"

"मास्तरांची मुलगी तू. सातवी पास. कामावर जा, मिस्त्रींना विचार, कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं ते ठरव."

"आणि मी ठरवलेलं तुम्ही मानाल?"

"मानीन की. न मानायला काय झालं?"

ते हे असंच म्हणाले होते. पुढच्या काही महिन्यांत मी त्यांचं हे बोलणं त्यांना किती वेळा ऐकवलं, याला गणती नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना घरी बोलावलं. सगळे गवंडी त्यांच्या हाताखाली. उंच, हाडापेरानं मोठा माणूस. घरात तेलुगू बोलत, आमच्याशी मात्र ठसठशीत सोलापुरी. मी माजघराच्या दारात उभी राहून विचारत होते आणि ते उत्तर यांना देत होते.

"मिस्त्री, अडत्यांच्या घराला किती गवंडी लागतील?"

ते यांच्याकडे बघून म्हणाले, "मालक, थोडी लावली तर दिवाळीला हुईल, लई लावली तर गुडीपाडव्याला."

"मग थोडीच लावू. कुणाला ठेवायचं ते तुम्ही सांगा. तुमची माणसं तुम्हांला ठाऊक."

"मालक, माणसं म्या जोडली. तोडायचं काम तुमी करा." एवढं बोलून त्यांनी पटका सारखा केला आणि ते उठले. हे माझ्याकडे बघून हसले. मला हसू आलं नाही.

म्हणून मी टांगा करून कामावर गेले. अडत्यांच्या जागेवर एका बाजूला चुन्याची घाणी चालली होती. बैल गोल गोल फिरत होता आणि दगडी चाकाखाली चुना दळला जात होता. तिथं काम करत होता तो बैलच, असं पहिल्या नजरेला मला वाटलं. एकाच भिंतीला इतके गवंडी चिकटले होते, की एकाचा कोपर दुसऱ्याला लागत होता. चार हात पलीकडे एकजण घडवून झालेला दगड पुन्हा घडवत होता. बायका रिकाम्या पाट्या उपड्या घालून त्यांवर बसल्या होत्या. मी दिसताच सगळ्या उठल्या आणि पाट्या डोक्यावर घेऊन कुठं जावं ते न कळून तशाच उभ्या राहिल्या.

लिंबाखाली खुर्ची टाकून दाजी बसले होते. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. त्यांचं किराणा दुकान बसलं तेव्हा यांनी त्यांना कामावर देखरेखीला घेतलं होतं. मला बघून त्यांनी तोंडातलं पान बाजूला थुंकलं.

"वहिनी, तुम्ही इथं? निरोप द्यायला घरात कुणी नव्हतं का?"

"निरोप नाही, मी बघायला आलेय."

"बघण्यासारखं काय आहे? मी आहे ना इथं."

मी दुपारपर्यंत तिथंच बसले. सावली सरकली की दाजी खुर्ची उचलून लिंबाभोवती सरकत. त्या दिवशी त्यांनी केलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

रात्री जेवताना यांनी मला सल्ला दिला, "सुरुवात बायकांपासून कर. त्यांना काढलं की बोभाटा होत नाही."

"बायका काढल्या तर चुना कोण वाहील? तुमचे गवंडी पाट्या वाहत बसले तर भिंत कोण चढवील?"

"हं," ते म्हणाले. "तेही खरंच. मग तू कर तुझ्या मनानं."

मी मनाशी बेत केला. गवंड्यांचे दोन भाग करायचे, एका आठवड्याला अर्ध्यांनी यायचं, पुढच्या आठवड्याला उरलेल्यांनी. कुणाचीच चूल अगदी बंद पडायला नको. बायकांमध्ये ज्या घरातून दोघी येतात तिथून एकीलाच ठेवायचं. आणि एका घराच्या कामावर मिस्त्री असताना वर आणखी देखरेख नको.

बाजारच्या दिवशी, मजुरी वाटायच्या आधी, मी हे सगळ्यांना सांगितलं. कुणी खूश झालं नाही. मिस्त्री तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून माझ्याशी बोलले.

"बाई, आटवडाभर घरात बसलेला गवंडी तुमची वाट बगत बसंल व्हय? दुसरीकडं काम गावलं की जाईल."

"आणि आजच काढून टाकला तर?"

"तरी जाईल."

"मग?"

त्यांनी हातातली थापी उलटसुलट करून बघितली. "मग काय. बगू की."

म्हणजे त्यांनी मानलं होतं. बायकांची मात्र मला जास्त धास्ती होती. त्यांतली म्होरकी एक ठेंगणी, कडक बाई. ती आणि तिची धाकटी जाऊ दोघी कामावर येत. मी तिला बाजूला घेऊन सांगायला लागले तर तिनं मला अर्ध्यात थांबवलं.

"कळलं की. दोगीतली एकच. मग जावंला ठिवा. तिचं लेकरू अंगावर हाय, तिला घरात बसून खायला लई लागतंय." मग जरा थांबून म्हणाली, "पन बाई, काम वाडलं की पैलं बलावनं मला. दुसरीला न्हाय."

"तुलाच," मी म्हटलं.

दाजींना मात्र चारचौघांत सांगणं बरं दिसलं नसतं. जावई माणूस. घरी बोलावून, चहा देऊन, शक्य तेवढ्या मऊ शब्दांत सांगितलं. त्यांनी चहा पूर्ण प्यायला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं." मला वाटलं, सुटले.

पुढच्या आठवड्यात कामावर गेले तर सगळे गवंडी हजर. ज्यांनी घरी राहायचं तेही.

"तुमची पाळी पुढच्या आठवड्याला ना?" मी त्यांतल्या एकाला विचारलं.

"मालकांनी या म्हून सांगितलंय की."

तो खोटं बोलत नव्हता. मी मागच्या अंगणात धुणं धूत असताना त्याची बायको कडेवर लेकरू घेऊन आमच्या ओसरीवर येऊन गेली होती. दुसऱ्याची म्हातारी आई येऊन गेली होती. तिसरा स्वतःच आला होता, यांना आवडतो म्हणून हुरड्याची पुडी घेऊन. हे दिवसभर एकटे पडलेले, कंटाळलेले. कुणी आलं की यांना बरं वाटे. गावच्या गप्पा होत, तंबाखू मळली जाई, आणि उठता उठता तो माणूस म्हणे, "मग मालक, उद्यापासनं येऊ न्हवं?" आणि हे म्हणत, "ये की."

मी यांना म्हटलं, "तुम्ही मानीन म्हणाला होतात."

"अगं, ती बाई रडत होती. मी असा आडवा पडलेला, नाही कसं म्हणू?"

"नाही म्हणूच नका. हिला विचारा, एवढंच म्हणा."

"बायकोला विचारा म्हणू? आणि मग गावात तोंड कसं दाखवू?"

"गावात तोंड दाखवायला आधी उठावं लागेल तुम्हांला," असं माझ्या तोंडून निघून गेलं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या दोन दिवसांतही त्यांनी आणखी एकाला कामावर घेतलं.

माणसं परत आली म्हणजे मजुरी वाढली. ते यांनाही कळत होतं. पण त्यावर यांनी काढलेला उपाय मला सांगितलाच नाही. दाजी रोज संध्याकाळी समाचाराला येऊन बसत, त्यांना हे म्हणाले, "बायका जरा कमी करा." ज्यांना मी कामावरून काढलं होतं ते दाजी दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि यांचं नाव सांगून त्यांनी त्या धाकट्या जावेला घरी पाठवलं.

मला हे कळलं तेव्हा मी तशीच टांगा करून त्यांच्या वस्तीत गेले. दाराला कडी. शेजारची बाई म्हणाली, "दोगीबी बार्शीला गेल्या की. तितं कापसाच्या जिनमदी बायका घेत्यात म्हनं."

"मला काही निरोप?"

"न्हाय बाई. निरोप कसला?"

घरी येऊन मी कणीक मळायला घेतली आणि इतकी मळली, की तिची पोळी लाटता येईना. म्होरकीला मी शब्द दिला होता. तो मी मोडला नव्हता, पण तिच्या दृष्टीनं तो मोडलाच होता. आणि ज्यांच्यामुळे मोडला ते ओसरीवर एका सुताराशी गप्पा मारत होते. सुतार नुकताच म्हणाला होता, "मालिक, हमारा भी कुछ देखो." आणि हे म्हणाले होते, "देखेंगे, देखेंगे."

मी पदर खोचला, बाहेर गेले आणि त्या सुताराला म्हटलं, "तुम्ही जरा हात लावा. बाहेर आणखी कोण आहे?" बाहेर कट्ट्यावर तिघं पाळी लावून बसलेच होते. मी त्यांना आत बोलावलं.

"ही खाट उचला. जपून. पायाला धक्का लागू देऊ नका. माजघरात घ्या."

"अगं, काय चाललंय?" हे ओरडले. "माजघरात उजेड नाही, वारा नाही!"

"इथं फार वारा लागतो तुम्हांला."

खाट आत गेली. चौघंही घाम पुसत उभे राहिले. काम मागायला आले होते, तर काम दिलं, म्हणून मी त्यांना चहा केला आणि सांगितलं, की यापुढे कामाचं जे काही असेल ते मला विचारायचं, माजघरात कुणी जायचं नाही. बाहेरच्या पुरुषमाणसाला माजघरात जाणं अवघड, आणि बायकांना माझ्या चुलीवरूनच जावं लागे.

ते काही आठवडे माझे बरे गेले. पाळ्या ठरल्याप्रमाणे चालू झाल्या. अडत्यांच्या घराचा खालचा मजला उभा राहिला. दोन गवंडी दुसरीकडं काम मिळालं म्हणून गेले, तेही सांगून. मिस्त्री मला थेट विचारू लागले होते, दगड कधी येणार, सुतार कधी पाठवणार. हे आत कुढत होते. जेवणात मीठ कमी, पाणी कोमट, बाहेर कोण आलं होतं, काय म्हणालं, सारखी भुणभुण. पण धंदा चालला होता.

मग वन्सं आल्या. त्यांना कोण अडवणार? त्यांचं माहेर ते. त्या मागच्या दारानं सरळ माजघरात गेल्या, खाटेच्या पायथ्याशी बसल्या आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं यांना म्हणाल्या, "दादा, माझ्या नवऱ्याला तू बायकोकरवी घरी बसवलंस. त्यापेक्षा मला सांगितलं असतंस, आम्ही गाव सोडून गेलो असतो."

"मी कुठं बसवलं?" हे म्हणाले.

"मग कुणी बसवलं?"

मी आत जाऊन म्हटलं, "वन्सं, मी बसवलं. एका भिंतीवर किती जणांनी देखरेख करायची?"

"तुला कुणी विचारलं?" वन्सं माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मी माझ्या भावाशी बोलतेय."

संध्याकाळी यांनी मला सांगितलं, की दाजी उद्यापासून कामावर जातील. मी विचारलं, का? तर म्हणाले, "बहिणीला दुखवून मला घरं बांधायची नाहीत." मी म्हटलं, "घर अडत्यांचं आहे." त्यांना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी तोंड फिरवलं.

दाजी परत गेले ते पहिल्यासारखे नव्हे. आता खुर्चीत बसून त्यांचं भागेना. छत्री उघडून ते कामावर फिरू लागले आणि आपण मालकाच्या जागी आहोत असं सगळ्यांना सांगू लागले. मिस्त्रींनी घातलेला कोपरा त्यांना वाकडा दिसू लागला. चुना जास्त वापरता म्हणाले, वाळू वाढवा म्हणाले. मिस्त्रींच्या हाताखालच्या माणसांना त्यांच्या देखत हाका मारून दुसरीकडे नेऊ लागले. मी दोनदा दाजींना सांगून बघितलं, एकदा यांना. दाजी म्हणाले, "बरं." हे म्हणाले, "दाजींना सांगतो." सांगितलं की नाही मला माहीत नाही.

एका सकाळी मिस्त्री घरी आले. माजघराकडे त्यांनी बघितलंही नाही. ओसरीच्या पायरीवर बसून मला म्हणाले, "बाई, आमी निजामाच्या मुलकात चाललो. गुलबर्ग्याकडं काम निगालंय. माजी समदी माणसं नेतोय."

"समदी?"

"व्हय. चांगली हायत ती समदी."

मी त्यांना थांबायची विनंती केली. खरंच केली, हात जोडले नाहीत एवढंच. "दाजींचं मी बघते. मला थोडे दिवस द्या."

त्यांनी मान हलवली. ते रागावलेले नव्हते. आणि रागावलेले असते तर मला बरं वाटलं असतं. "तुमचं सांगनं म्या ऐकलं आस्तं, बाई. पन तुमचं सांगनं सांजंपतूर टिकत न्हाय. सकाळी तुमी एक सांगायचं, सांजंला मालक दुसरं, मदी दाजी तिसरं. गवंड्यानं वळंब्याची दोरी कुनाची धरायची?"

मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला. बाहेर आणला तोवर ते गेले होते.

यांना सांगितलं तर हे कोपरांवर जोर देऊन अर्धे उठून बसले. "मिस्त्री गेला? इतकी वर्षं मी त्या माणसाला जपलं. तुझ्या हातात कारभार दिला आणि तो गेला?"

"माझ्या हातात काय दिलं होतंत तुम्ही?" मी म्हटलं. आवाज चढला होता, शेजारी ऐकत असतील याचीही मला फिकीर नव्हती. "काढायचं मी, घ्यायचं तुम्ही. शिव्या मला, आशीर्वाद तुम्हांला. मी ठेवलेली बाई तुम्ही काढलीत, मी काढलेला माणूस तुम्ही परत घेतलात. यात माझा कारभार कुठला, तेवढं मला दाखवा."

"माणसं अशी धरून ठेवावी लागतात," ते म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

उरलेल्या, कुणीच न नेलेल्या माणसांना घेऊन आम्ही वरचा मजला चढवायला लागलो. भिंत रेंगाळली. एक दिवस अडते स्वतः आमच्याकडे आले. माजघरात खाटेजवळ उभे राहून यांना म्हणाले, "ते तुमचे छत्रीवाले गृहस्थ उद्यापासून माझ्या जागेवर दिसता कामा नयेत. मला घर बांधून हवंय, व्याख्यानं नकोत."

आणि हे काय म्हणाले असतील? "बरोबर आहे तुमचं." एका वाक्यात. बहिणीचं काय, दाजींच्या मानाचं काय, काही नाही. जे मी चहा देऊन, मऊ शब्दांत, नंतर कडक शब्दांत, भांडून आणि रडून मागत होते, ते अडत्यांना उभ्या उभ्या मिळालं. ते गेल्यावर हे मला म्हणाले, "गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं." मी पाण्याचं भांडं उचललं आणि स्वयंपाकघरात गेले.

दाजींनी नातेपुत्याला एका आडतीच्या दुकानात हिशेबाचं काम धरलं. ते त्यांना चांगलं जमलं, असं पुढं कळलं. वन्सं मात्र माझ्याशी दोन दिवाळ्या बोलल्या नाहीत.

अडत्यांचं घर पुरं झालं, शाळेची भिंतही झाली. हे काठी घेऊन चालू लागले, मग काठीशिवाय, थोडे लंगडत. ज्या दिवशी ते पहिल्यांदा कामावर गेले त्या दिवसापासून मला कुणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मंदी ओसरली तशी कामं आली, नवे गवंडी आले. मिस्त्री परत आले नाहीत. यांनी दोनदा माणूस पाठवला. त्यांनी त्याला जेवू घातलं आणि तसाच परत पाठवला.

पुढं कितीतरी वर्षं, लग्नात म्हणा, बारशात म्हणा, गुत्तेदारांचा घोळका जमला की हे ऐटीत सांगत, "मंदीत भल्याभल्यांनी माणसं हाकलली. मी अंथरुणावर पडून होतो, पण एकालाही घरी पाठवलं नाही." लोक माना डोलवत. एकदा वन्सांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढत होते तेव्हा हे असंच सांगत होते. माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा म्हणाले, "विचारा हिला. काय गं, खोटं आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "तुम्ही कुणालाच पाठवलं नाही," आणि पुढच्या पानावर भात वाढला.